पल्ला आणि ओझे: चांद्याच्या जंगलातील ओढणाऱ्यांचा इतिहास

१/
२९ मार्च २०२३ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथून अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवानाची पहिली खेप शोभायात्रेने निघाली. पुढचे हजार किलोमीटरच्या आसपासचे अंतर तिने ट्रकवरून कापले. याच जंगलातील ओंडका मोटार येण्यापूर्वी पन्नास किलोमीटर हलवायचा, तर त्याला बैल, माणसे, नदी आणि ऋतू या सर्वांची मनधरणी करावी लागे. ओंडका तोच राहिला. ओढणारा बदलत गेला. आज अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकने अवजड ट्रेलर किती दूर ओढावा, हा मोठा प्रश्न झाला आहे. त्या प्रश्नाची जुनी रूपे चांद्याच्या जंगलात सापडतात.

२/
मराठीत ‘पल्ला’ म्हणजे अंतर. जुन्या वजनमापात ‘पल्ला’ म्हणजे १२० शेरांचे ओझेही. एका शब्दात अंतर आणि ओझे एकत्र नांदावेत, हा योगायोग असेल; पण ओढण्याच्या शास्त्रात दोन्ही खरोखरच एकमेकांना बांधलेले आहेत. ओझे वाढवले की पल्ला घटतो. पल्ला वाढवायचा तर ओढणाऱ्याचा चारा सोबत घ्यावा लागतो, आणि चारा हेही ओझेच असते. बैलापासून बॅटरीपर्यंत प्रत्येक ओढणाऱ्याला या हिशेबातून जावे लागले आहे.

३/
प्रथम भूगोल. जुना चांदा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी विभागला गेला आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. पूर्वेकडे भामरागडला इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी यांचा संगम आहे. या नद्यांच्या मध्ये आलापल्ली, अहेरी, सिरोंचा यांचे सागवानी अरण्य पसरले आहे. माल भरपूर, बाजार दूर, आणि पावसाळ्याचे चार महिने वाटा बंद, अशी या मुलखाची घडण होती.

४/
या वाटांवरचे जुने वाहतूकदार म्हणजे बंजाऱ्यांचे तांडे. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून ते मध्य भारतभर फिरत. तांडा दिवसाला जेमतेम दहा-बारा किलोमीटर सरके, कारण बैल चरत चरत चालत. चाऱ्याचे ओझे वाहायचेच नाही, तो वाटेवर मिळवायचा, हे तांड्याचे गुपित होते. त्यामुळे पल्ला जवळजवळ अमर्याद झाला. किंमत वेगाच्या रूपाने मोजावी लागली. उन्हाळ्यात गवत वाळले किंवा दुष्काळ पडला, की तांडाही थांबे. आजच्या भाषेत सांगायचे तर वाटेवरची ‘चार्जिंग स्टेशने’ बंद पडत.

५/
पाठीवरून माल बैलबंडीत आला की हिशेब बदलतो. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा इतक्या जोराने दिवसभर ओढू शकतो. एक जोडी सलग कामात सुमारे एक अश्वशक्ती देते. मात्र प्रत्येक बैलाला रोज सात-आठ किलो सुका चारा लागतो. म्हणजे जोडीला पंधरा किलो. जाऊन-येऊन दहा दिवसांच्या प्रवासाला दीड क्विंटल तणस झाली. आठ-दहा क्विंटल माल नेणाऱ्या बंडीत सहाव्या-सातव्या हिश्श्याची जागा चाऱ्यानेच व्यापली. प्रवास वीस दिवसांचा केला, तर हिस्सा दुप्पट. कोरड्या, ओसाड मुलखात एका मर्यादेपलीकडे बंडी फक्त स्वतःचाच चारा वाहत राहील.

६/
रस्त्याची जात हा दुसरा घटक. एक टन वजन लोखंडी रुळावर हलवायला दोन-तीन किलोचा जोर पुरतो. पक्क्या सडकेवर त्यालाच दहा-पंधरा किलो लागतात. मऊ, चिखलट जंगलवाटेवर हाच आकडा शंभरच्या पुढे जातो. म्हणून कूपातून लाकूड काढण्याचे काम पावसाळा सरल्यावर, जमीन घट्ट झाल्यावर चाले. शेतीची कामे आटोपून बैल मोकळे होण्याचा काळही साधारण तोच. जंगलाचे वेळापत्रक झाडावरून जेवढे ठरे, तेवढेच ओढणाऱ्यावरून ठरे.

७/
जिथे बैल पोचत नसत, तिथे माणूस जुंपला गेला. चांदा-बस्तरच्या जमीनदारी मुलखात वेठबिगार रूढ होती. दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याचे सामान एका गावाच्या माणसांनी पुढच्या गावापर्यंत पोचवायचे. ब्रिटिश वनखात्याने मध्य प्रांतात वनग्रामे वसवली. तेथील कुटुंबांना कसायला जमीन मिळे आणि त्या बदल्यात तोड-वाहतुकीच्या कामाला हजर राहावे लागे. गोंड-माडियांच्या या श्रमाला वनखात्याच्या हिशेबात किरकोळ किंमत होती. माणसाचा ‘चारा’ त्याने स्वतःच्या शेतातून आणावा, अशी ही व्यवस्था होती. स्वस्त ओढणाऱ्याचा खर्च नेहमी कुणीतरी दुसराच भरत असतो, याचे हे उघड उदाहरण.

८/
उताराला चारा लागत नाही. म्हणून सागवानाचा एक मार्ग पाण्यातून गेला. वाळवलेले ओंडके तराफ्यात बांधून प्राणहिता आणि गोदावरीतून आंध्राच्या किनारपट्टीकडे सोडले जात. प्रवाह स्वतःच ओढणारा असल्याने इंधनाचा प्रश्न नव्हता. दोष एवढाच की नदी एकाच दिशेने ओढते, आणि तेही पाणी पुरेसे असेल त्या महिन्यांत. किनाऱ्यावरचे मीठ किंवा कापड वर आणायचे, तर प्रवाहाविरुद्ध जोर लावणारे दुसरे काही हवे होते.

९/
ते ‘दुसरे काही’ म्हणजे वाफेची बोट, असे सर आर्थर कॉटन यांना वाटले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस गोदावरीवाटे समुद्राला न्यायचा, ही त्यांची योजना होती. दुम्मागुडम, एंचमपल्ली आणि देवलमरी येथे खडकांचे तीन मोठे अडसर होते. ते ओलांडण्यासाठी बांध-कालव्यांचे काम काढण्यात आले. सिरोंचा हे त्या काळात ‘अप्पर गोदावरी’ नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. पण १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. पुढे तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा चांद्यात आले.

१०/
रेल्वेने ओढण्याचे दोन्ही प्रश्न एकदम हाताळले. रुळाने घर्षण कमी केले; इंजिनामागच्या टेंडरने चारा सोबत घेतला. १८७० च्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत लोहमार्ग आला तो तेथील कोळशासाठीच. इंजिनाचा चारा आता याच जिल्ह्याच्या पोटातून निघू लागला. १९२९ मध्ये बल्लारशाह ते काझीपेठ जोड पूर्ण झाली आणि दिल्ली-मद्रास मार्ग चांद्यातून गेला. बल्लारशाहचे लाकूड आगार याच रुळांमुळे मोठे झाले. तरीही रूळ जंगलाच्या कडेशी थांबले. आजही चालू रेल्वेस्थानक म्हणून गडचिरोली जिल्ह्याच्या वाट्याला देसाईगंज-वडसाच आहे. तेथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटर मार्गाचे काम हाती घेण्यात आले आहे.

११/
कूपापासून सडकेपर्यंतचा शेवटचा टप्पा ज्याने सर्वांत देखण्या रीतीने पार केला, तो हत्ती. चढ, नाला, झाडांची दाटी यांतून अवजड ओंडका वळवून काढणे त्याला जमते. सिरोंचा वनविभागातील कमलापूरचा सरकारी हत्ती कॅम्प याच कामाची आठवण आहे. पण हत्तीला दिवसाला दीडशे किलोहून अधिक चारा लागतो आणि तो खाण्यात दिवसाचे बहुतेक तास जातात. म्हणून लाकूड ओढणाऱ्या हत्तींकडून सकाळच्या थंडाव्यात काम घ्यायचे आणि नंतर त्यांना जंगलात चरायला सोडायचे, अशी रीत होती. प्रचंड ताकद, थोडे तास, लांब विश्रांती. बॅटरीच्या गाडीचे वर्णनही याहून फार वेगळे करता येणार नाही.

१२/
मोटारलॉरी आली तेव्हा चाऱ्याचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पेट्रोलच्या एका डब्यात बैलजोडीच्या कित्येक दिवसांचे बळ मावते. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, भारतात पेट्रोलवर नियंत्रण आले. मग मोटारींच्या मागे लोखंडी भट्ट्या बसल्या. त्यांत लाकडी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू इंजिनाला पाजला जाई. इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटे. चढावर प्रवासी उतरून ढकलत. भट्टी, कोळशाची पोती, राख काढण्याची खोळंबे हा सगळा चारा गाडीवर स्वार झाला. युद्ध संपताच लोकांनी भट्ट्या उतरवल्या, यात नवल नाही.

१३/
याच कोड्याचे एक वेगळे उत्तर त्याआधी चाळीस वर्षे युरोपात सापडले होते. व्हिएन्नाच्या लोनर कारखान्यात फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने चाकांतच विजेच्या मोटरी बसवलेली गाडी केली. तिच्या सुमारे ९८० किलो वजनात ४१० किलो केवळ बॅटरी होती. पल्ला पन्नास किलोमीटरच्या आसपास. १९०० च्या सुमारास त्याने बॅटरी लहान केली आणि गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने ठेवली. ती चाके फिरवत नसत. जनित्र फिरवून वीज तयार करत. गाडीचे नाव ‘सेम्पर विवुस’, म्हणजे सदैव जिवंत. आज ज्याला ‘रेंज एक्स्टेंडर’ म्हणतात, त्याचा हा पूर्वज.

१४/
पुढे ऑस्ट्रो-डेमलरमध्ये पोर्शेने ही कल्पना ओझे ओढण्याकडे वळवली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या अजस्र तोफा नेणाऱ्या सडकेवरच्या गाड्यांत पुढच्या वाहनावर पेट्रोल इंजिन आणि जनित्र असे. तेथून निघालेली तार मागच्या ट्रेलरपर्यंत जाई आणि ट्रेलरची चाकेही विजेच्या मोटरींनी फिरत. ओझे स्वतःच स्वतःला ओढू लागले. ओढणारा आणि चारा यांची ही पहिली मोठी फारकत. इंजिनाने फक्त वीज करायची. जोर मोटरने लावायचा.

१५/
भारतीयांना ही फारकत ओळखीची आहे, फक्त तिचे नाव निराळे. १९६२ पासून रुळांवर आलेली २६०० अश्वशक्तीची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने याच तत्त्वावर चालत. डिझेल इंजिन जनित्र फिरवी आणि चाकांवर विजेच्या मोटरी असत. कारण सोपे आहे. तेलाचे इंजिन थांबलेल्या स्थितीतून जोर लावू शकत नाही, त्याला क्लच-गिअरची मदत लागते. विजेची मोटर मात्र पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. चिखलात रुतलेला ट्रेलर, जड मालगाडी, जमिनीला चिकटलेला ओंडका यांना नेमके तेच हवे असते.

१६/
मग आजच्या विजेच्या पिकअपची अडचण काय? जोर नव्हे, चारा. शंभर किलोवॅट-तासांच्या बॅटरीचे वजन सहा-सातशे किलो भरते. तेवढी ऊर्जा अकरा लिटर पेट्रोलमध्ये असते. इंजिन दोन-तृतीयांश ऊर्जा उष्णतेत घालवते हे धरले, तरी तीस-पस्तीस लिटर पेट्रोल तेवढेच काम करते. रिकाम्या गाडीला हा फरक फारसा जाणवत नाही. मागे उंच ट्रेलर जोडला की हवेचा अडथळा आणि वजन दोन्ही वाढतात आणि पल्ला निम्म्याच्या आसपास येतो. शिवाय ट्रेलरसह चार्जिंगच्या जागेत शिरणे हे वेगळेच संकट असते.

१७/
त्यामुळे अमेरिकी कंपन्या पोर्शेच्या जुन्या उत्तराकडे परतल्या. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या रॅमचार्जर पिकअपची आखणी पाहण्यासारखी आहे. ९२ किलोवॅट-तासांची बॅटरी, १३० किलोवॅटचे जनित्र, ते फिरवायला ३.६ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, आणि ओढण्याची मर्यादा १४,००० पौंड, म्हणजे सुमारे ६,३५० किलो. पेट्रोल इंजिनाचा चाकांशी थेट संबंध नाही. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही आपला केवळ बॅटरीवरचा एफ-१५० लाइटनिंग थांबवून पुढची आवृत्ती जनित्रासह काढण्याचे जाहीर केले.

१८/
हे गणित कुठे टिकते आणि कुठे तुटते, तेही पाहावे. गाडी आणि ट्रेलर मिळून दहा टन, वेग ताशी ९० किलोमीटर. सपाट रस्त्यावर हवा आणि घर्षण यांवर मात करायला ढोबळमानाने ७० ते ८० किलोवॅट लागतात. १३० किलोवॅटचे जनित्र ते सहज पुरवते, उरलेल्यात बॅटरीही भरते. आता शंभर मीटरला सहा मीटर असा चढ घ्यावा. केवळ उंची चढण्यासाठीच सुमारे १४७ किलोवॅटची भर पडते. एकूण मागणी दोनशेच्या पुढे जाते. कमी पडणारे ऐंशी-नव्वद किलोवॅट बॅटरीतून येतात. वीस मिनिटांच्या चढाला तीस किलोवॅट-तास खर्च झाले. बॅटरी आधीच रिकामी असेल, तर गाडीला वेग सोडावा लागतो.

१९/
जुन्या गाडीवानाला हे समजावून सांगावे लागले नसते. घाटाच्या पायथ्याशी बंडीला पुढे आणखी एक जोडी जुंपायची आणि माथ्यावर सोडायची, ही रीत सर्वांना ठाऊक होती. रेल्वेही घाटात मागून ढकलणारे जादा इंजिन लावते. रेंज एक्स्टेंडरच्या गाडीत जनित्र ही नेहमीची जोडी आणि बॅटरी ही घाटातली जादा जोडी. जादा जोडी घाटाआधीच दमवली, तर चढ कोण ओढणार? म्हणून अशा गाडीत चढ येण्यापूर्वीच बॅटरी राखून ठेवणे महत्त्वाचे. चाऱ्याचे नियोजन ही गाडीवानाची पहिली विद्या. ती आता संगणकाकडे सोपवली जात आहे, एवढेच.

२०/
गडचिरोलीत आज ओढणारा म्हणजे प्रामुख्याने ट्रॅक्टर-ट्रॉली आणि डिझेल ट्रक. जनित्र असलेले विजेचे पिकअप भारतात अद्याप विक्रीस नाहीत. पण त्यांची गरज कोणत्या मुलखाला भासते, हे भामरागडकडे पाहिले की कळते. आलापल्लीपासून साठ-पासष्ट किलोमीटर जंगल, आणि पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटलेला. अशा वाटेवर केवळ बॅटरीची गाडी पाठवणे जोखमीचे, आणि डिझेलही बाहेरूनच यायचे. दुसरीकडे सुरजागडच्या लोहखनिजाने वेगळा मार्ग धरला. जड ट्रकांनी रस्ते उखडले, अपघातांवरून असंतोष वाढला, आणि २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी सुरू झाली. खनिजाची भुकटी पाण्यात मिसळून वाहते. तराफ्याची जुनी युक्ती नळीत शिरली.

२१/
विजेचा चारा कुठून येतो, हाही याच जिल्ह्यांचा प्रश्न आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. तेथील वीज महाराष्ट्रभर जाते. कोळशाची धूळ आणि राख चंद्रपुरात राहते. बैलाने येथील गवत खाल्ले, भट्टीने येथील लाकूड, इंजिनाने येथील कोळसा. पुण्या-मुंबईतली बॅटरीची गाडी धूर सोडत नाही, तेव्हा तिच्या चाऱ्याचा काही वाटा याच जमिनीतून गेलेला असतो. वेठबिगारीच्या काळात ओढण्याचा खर्च माडिया शेतकऱ्याच्या कणगीतून निघे. आज तो कोणाच्या हवेतून आणि कोणाच्या रस्त्यातून निघतो, हे मोजल्याशिवाय कोणत्याही ओढणाऱ्याला स्वस्त म्हणता येत नाही.

२२/
कमलापूरचे हत्ती आता लाकूड ओढत नाहीत. त्यांना पाहायला पर्यटक येतात. दरवर्षी हिवाळ्यात त्यांना काही दिवस पूर्ण विश्रांती मिळते आणि वनौषधींचा लेप लावून त्यांच्या पायांची निगा राखली जाते. त्याला तेथे ‘चोपिंग’ म्हणतात. ज्यांनी ओढले त्यांची निगा राखण्याची ही रीत या जंगलात हत्तींच्या वाट्याला आली. कूपातून ओंडके काढणारे वनग्रामांतले बैल आणि माणसे यांच्यासाठी असे दिवस कोणी नेमले नव्हते.
(समाप्त)